सीझन संपला, असं मी सांगितलं

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मोड आलेले वाल सोलत बसले होते. म्हणाले, वृद्धाश्रमात एवढी वर्षं काढलीत, तुमचे अनुभव लिहा, म्हाताऱ्या माणसांची काळजी कशी घ्यावी याचं लोकांना मार्गदर्शन होईल. मार्गदर्शन हा शब्द ऐकून मला हसूच फुटलं. म्हटलं, अहो, मलाच कुणी तरी मार्गदर्शन करा, माझाच गोंधळ झालाय. त्यांना वाटलं, बाई विनयाने बोलतायत. विनय कसला डोंबलाचा! खरंच गोंधळ झालाय, आणि तो रघूकाकांनी करून ठेवलाय. म्हणून बाकीचं सगळं बाजूला ठेवून मी त्यांचंच लिहिणार आहे. पटलं तर छापा, नाही तर राहू द्या.

आधी कामाचं थोडं सांगते, कारण लोकांना आमचं काम काय असतं ते माहीत नसतं. मी मूळची खालापूरची. नर्सिंगचं छोटं शिक्षण झालं होतं, त्यावर कर्जत-कशेळे रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात लागले आणि शेवटची कित्येक वर्षं तिथे मुख्य होते. मुख्य म्हणजे खुर्चीवर बसणारी नव्हे. कुणाची टाच लाल झाली का, कुणाला दोन दिवस शौचाला झालं नाही, कुणाच्या दातांची कवळी उशीखाली राहिली, हे सगळं माझ्या डोक्यात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर पाठ फुटते. नखं आठवड्याला कापायची. चहा द्यायच्या आधी किटलीतला थेंबभर चहा स्वतःच्या मनगटावर टाकून बघायचा, लहान मुलाच्या दुधाचा बघतात तसा, कारण म्हाताऱ्यांची कातडी पातळ असते.

आश्रम बघायला नातेवाईक येतात ते काय विचारतात सांगू? डॉक्टर किती वेळा येतात, जनरेटर आहे का, वायफाय आहे का. वायफाय! आई पंच्याऐंशीची. दारातून आत आल्यावर नाक मुरडतात, वास येतो का बघतात, लादी चकचकीत दिसली की समाधानाने मान हलवतात. मी त्यांना दोष देत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला दिसणार काय दुसरं? ट्रस्टचंही तेच. मुंबईहून ट्रस्टी मॅडम महिन्यातून एकदा यायच्या आणि पहिली ‘पडझड वही’ मागायच्या. कोण पडलं, कुणाला खरचटलं, कुणाला भाजलं, सगळं त्या वहीत लिहायचं. वही कोरी असली म्हणजे महिना चांगला गेला. मीही तसंच मानायचे, खोटं कशाला बोलू.

रघूकाकांना त्यांचा मुलगा विलास घेऊन आला. विलास खोपोलीकडच्या कारखान्यात पाळीवर, त्याची बायको सुरेखा एका पॅकिंगच्या कंपनीत. काकांची बायको वारली होती, गावातलं घर बंद, आणि काकांचं लक्ष उडत चाललेलं. दोनदा गॅस चालू ठेवून निघून गेले. तब्येतीने मात्र काटक, पंच्याहत्तरीच्या पुढचे असतील, पण ताठ. विलास म्हणाला, "ताई, बाबा जन्मभर माथेरानच्या एका हॉटेलात होते. रूमवर चहा-नाश्ता पोचवायचे. तेवढं एक लक्षात ठेवा." मी लक्षात ठेवलं म्हणजे वहीत लिहिलं, आणि विसरले.

दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला काका उठले. स्वतःचं अंथरूण असं घडी घातलं की एक सुरकुती नाही. मग शेजारच्या आजोबांचं घालायला घेतलं. आजोबा त्यातच झोपलेले होते! आरडाओरडा ऐकून मी धावत गेले तर काका चादरीचं टोक गादीखाली खोचत अदबीने म्हणतायत, "साहेब, चेक-आऊट कदी हाय आपला?" तिथून खोल्या-खोल्यांतून फिरले. दारावर दोन टिचक्या, "गुड मॉर्निंग, चा आनू का कॉफी?" स्वयंपाकघरात जाऊन किटली उचलली, तेव्हा आमच्या आचाऱ्याने कपाळाला हात लावला.

आम्ही त्यांना थांबवलं. थांबवणं म्हणजे काय, तर पुढे आडवा पाट असलेली एक खुर्ची असते, त्यात बसवलं. त्या खुर्चीतून म्हाताऱ्या माणसाला सहजी उठता येत नाही. काका बसले, पाटाकडे बघितलं, खिशातला रुमाल काढला आणि पाट पुसायला लागले. अर्धा तास पुसत होते. मला कसंसंच झालं, पण पडझड वहीच्या दृष्टीने ते बरोबर होतं.

हिरा मला बोलली. हिरा म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी मावशी, वरच्या ठाकूरवस्तीतली, रोज डोंगर उतरून यायची. तिच्या हातात ताकद अशी की जड माणूसही ती एकटी उठवून बसवायची. "बाई, त्यांना काम द्या," म्हणाली. "माजा आजा मरायच्या आदल्या दिसापतोर झाडू बांधत व्हता. डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी बांधायचा. आमी काय त्याला खुर्चीत कोंबला नाय."

"अगं, इथे नियम आहेत."

"मंग नियमाला सांगा काकांची समजूत काढायला," असं म्हणून गेली ती बादली घेऊन.

मी काकांच्या हातात ट्रे दिला. सुरुवातीला प्लॅस्टिकचे कप आणि कोमट चहा. काका माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी काही तरी अपशब्दच बोलले. "गेस्टला पिलास्टिक?" मग कपबशा काढल्या. किटली मी स्वतः मनगटावर बघायची, मग त्यांच्याकडे द्यायची, आणि हिरा चार पावलं मागून चालायची. एकेक कप न्यायचे. ट्रे हातात आला की त्या माणसाची चालच बदलायची. एरवी पाय घासत चालणारे काका पाऊल उचलून टाकायचे, आणि एक थेंब बशीत सांडायचा नाही.

आता प्रधानबाईंचं सांगायला हवं. दादरला बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या. मुलगी पुण्याला. आमच्याकडे आल्यापासून भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. दीड महिना कुणाशी एक अक्षर नाही, केसांना हात लावू द्यायच्या नाहीत. काका त्यांच्या दारात गेले, दोन टिचक्या मारल्या, पडदा सारला आणि म्हणाले, "मॅडम, आज माथेरान साफ दिसतंय. व्ह्यू बगून चा घ्या." आणि कपाचा कान बरोबर त्यांच्या उजव्या हाताला येईल असा कप ठेवून मागे सरून उभे राहिले. बाईंनी एक घोट घेतला. मग दीड महिन्यातलं पहिलं वाक्य बोलल्या, "साखर जास्त आहे."

"सॉरी मॅडम, उद्या बराबर करतो."

मी दाराआड उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे इथे लिहायला लाज कसली? आठवड्याभरात प्रधानबाई काका यायच्या आधी उठून बसायला लागल्या, केस विंचरून. आम्ही औषधं बदलली होती, फिजिओथेरपीची बाई आणली होती, सगळं करून थकलो होतो आणि त्या कपाच्या कानासाठी उठून बसल्या.

पण काकांचं एक नवीनच सुरू झालं. ऑफिसबाहेर फळ्यावर ड्युटीचा तक्ता लावलेला असे, कुठली मावशी कुठल्या पाळीला ते. काकांना वाचता यायचं. रोज त्या फळ्यासमोर उभे राहून नावावरून बोट फिरवायचे आणि रडवेले व्हायचे. "माजं नाव नाय. मला काडला का?" समजूत घालून नाकी नऊ आले. शेवटी मी स्केचपेन घेतलं आणि सगळ्यात खाली लिहिलं: रघुनाथ, सकाळ, चहा. काकांनी ते दोनदा वाचलं, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि कामाला गेले. मावश्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, काय सुंदर युक्ती काढलीस गं बाई! स्वतःवर फार खूश होते मी त्या दिवसांत.

ज्येष्ठ संपत आला होता. त्या सकाळी एक गृहस्थ आईसाठी आश्रम बघायला आलेले. मी त्यांना सगळीकडे फिरवत होते आणि आम्ही किती काळजी घेतो ते सांगत होते. अगदी चहासुद्धा मनगटावर बघतो, असं मी म्हणाले. म्हणाले, आणि तेवढ्यात प्रधानबाईंच्या खोलीतून कप फुटल्याचा आवाज आला. त्या दिवशी मी किटली बघितलीच नव्हती. आचाऱ्याने उकळता चहा ओतून दिला होता, बाई बघतील या भरवशावर. हिराही दुसऱ्या आजींना सावरायला गेली होती. चहा प्रधानबाईंच्या मांडीवर सांडला.

काका ट्रे छातीशी धरून ताठ उभे होते आणि "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" एवढंच म्हणत होते. मी गार पाणी ओतलं, मलम लावलं. तळहाताएवढा फोड आला. प्रधानबाईंनी ओठ आवळून सगळं सहन केलं आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, त्याला एक शब्द बोलायचा नाही. माझाच हात लागला." खरंच त्यांचा हात लागला की त्यांनी काकांना पाठीशी घातलं, ते मला कळलं नाही. मी वहीत लिहिलं: मांडीवर भाजले, चहा. कुणाच्या हातून, ते लिहिलं नाही.

रविवारी मुलगी पुण्याहून आली, तिने पट्टी पाहिली. कुठलीही मुलगी जे करेल तेच तिने केलं, ट्रस्टकडे तक्रार केली. ट्रस्टी मॅडम आल्या. वाईट बाई नव्हत्या हो. स्वतःच्या सासूचं सगळं केलेली बाई. वही वाचली, फळ्यापाशी गेल्या, बोट खाली आणलं.

"हे रघुनाथ कोण? नवीन वॉर्डबॉय?"

थाप मारता आली असती. पण मी म्हटलं, "चार नंबरच्या खोलीतले आजोबा."

त्यांनी चष्मा काढला. "आपण त्यांना सांभाळायला घेतलंय आणि कामाला लावलंय? उद्या हा फोटो कुणी काढला तर?"

फोटोचं सोडा, पण पहिलं वाक्य खरंच होतं. विलासला बोलावलं होतं. तो ऐकत उभा होता, त्याचा आवाज चिरका झाला. "ताई, माझ्या बापाने आयुष्यभर लोकांचे कप उचलले. चाळीस वर्षं वाकून सलाम केले. मी त्यांना इथे ठेवलं ते बसून खायला. तुमी परत ट्रे दिला?" मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं. हिरा काही बोलायला निघाली, तिला मी डोळ्यांनी गप्प केलं. मॅडमचं बरोबर होतं, विलासचं बरोबर होतं, आणि रोज सकाळी काका शर्टाचं बटण लावत होते तेही मला बरोबर वाटत होतं. आता एवढी सगळी बरोबर एका खोलीत उभी राहिल्यावर माणसाने करायचं काय?

फळ्यावरचं नाव मीच पुसलं. ट्रे कुलपात गेला. काका परत पाटाच्या खुर्चीत.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत पडझड वहीत एक ओळ लिहावी लागली नाही. कुणी पडलं नाही, कुणाला खरचटलं नाही. कागदावर बघाल तर उत्तम दिवस. आणि काकांनी जेवण टाकलं. शर्टाची बटणं उघडी. स्वतः संडासला जाणारा माणूस अंथरूण ओलं करायला लागला. प्रधानबाई परत भिंतीकडे वळल्या. चहा घेऊन मावशी गेली की म्हणायच्या, "ठेव तिथे," आणि तो तिथेच गार व्हायचा.

एका सकाळी मी काकांना भात भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. "बाई, माजी काय चूक झाली ते सांगा. मी मालकांचे पाय धरीन. मला काडला का?"

बाहेर पाऊस धो-धो. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काढलं नाही हो काका. सीझन संपला."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. माथेरानला पावसाळ्यात एवढा पाऊस आणि धुकं असतं की पुष्कळ हॉटेलं बंद होतात. तेव्हा गाद्या गुंडाळून ठेवायच्या, खिडक्यांना ताडपत्री लावायची आणि कामगारांनी खाली उतरायचं. दसरा झाला की परत वर जायचं. आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत. त्यात कुणाला काढून टाकलं असं होत नाही, सीझन संपला एवढंच.

काकांचा चेहरा बघता बघता खुलला. "आसं व्हय! मंग आदी नाय का सांगायचं?" माझ्या हातातली ताटली घेतली आणि उरलेला भात स्वतःच्या हाताने खाल्ला. वर आणखी मागितला. मी आनंदाने हिराला शोधत गेले. म्हटलं, बघ, दोन शब्दांत सोडवलं.

हिराचा भाऊ माथेरानला घोडे धरतो. तिने ऐकलं, ओला हात तसाच कपाळाला लावला. "अवो बाई, सीझन संपल्यावर मानूस वर थांबतो का? घरी जातो तो, भात लावायला."

मी खालापूरची. माझा सख्खा मामा माथेरानला आचारी होता, आषाढात आमच्या दारात ट्रंक घेऊन उभा राहायचा. आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही! दुसरं कुणी चुकलं असतं तर समजू शकले असते.

तोवर काकांनी चादरीत दोन शर्ट, लुंगी आणि दाढीचं सामान बांधून गाठ मारली होती. खोल्या-खोल्यांतून निरोप घेत फिरले. "येतो साहेब, दसऱ्यानंतर भेटू. काय कमी-जास्त झालं आसंल तर माफी करा." प्रधानबाई उठून बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. काकांनी आधी आपला हात शर्टाला पुसला, मग मिळवला. मग दाराजवळच्या बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसले.

जाणार कुठे ते? गावातलं घर पडायला आलेलं. आम्ही म्हटलं, आज जीप नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, रस्त्यावर दरड आलीय. तिसऱ्या दिवशी म्हटलं, मालक आल्याशिवाय कसे जाता. एक थाप झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी. काका प्रत्येक वेळी मान डोलवायचे आणि बाकावर बसून राहायचे. जेवत होते, कपडे कोरडे होते, बटणं लावलेली. एवढं बरं वाटलेलं माणूस मी थापा मारून बसवून ठेवत होते.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणं आटपून बघते तर बाक रिकामा. मागे विहीर आहे, आधी तिकडे धावले. हिरा म्हणाली, "विहिरीत कशाला जातील? त्यांना भात लावायचाय. कशेळ्याला गेले आसतील, जीप धरायला." रिक्षा केली, वाटभर मी नुसती देवाचं नाव घेत होते.

कशेळ्याच्या बाजारात जीप भरत उभी होती आणि मधल्या सीटवर आमचे काका. नुसते बसलेले नव्हते. गाठोडं पायाशी ठेवून ते बायका-माणसांना सरकून बसवत होते, एका म्हातारीला खिडकीची जागा देत होते. ड्रायव्हर हसत म्हणाला, "बाई, तुमचे का हे बाबा? पंधरा मिनिटांत माजी गाडी भरली त्यांनी. राहू द्या माज्याकडेच."

काकांनी मला पाहिलं आणि चेहरा फुलला. "आं? तुमालाबी सुट्टी दिली?"

मला हसावं की रडावं कळेना. मी विलासला फोन लावला. पाळीवरून तसाच आला, कंपनीच्या कपड्यांत, भिजून. मी त्याला काहीही न लपवता सांगितलं, सीझन संपला असं मीच बोलले म्हणून. मला वाटलं, आता हा माझ्यावर ओरडणार. तो जीपमध्ये चढून बापाच्या शेजारी बसला.

"बाबा, चला घरी."

"आलास व्हय रं? बैलं बांधलीस?"

विलासने माझ्याकडे पाहिलं. घरात बैल नव्हते, कित्येक वर्षं नव्हते. "बांधली," म्हणाला. आणि काकांना घेऊन खोपोलीच्या बाजूला गेला.

आश्रमाने पुढे कळवलं की अशा माणसाला परत ठेवून घेणं जमणार नाही. कागद मीच टाईप करून घेतला, सही माझीच. श्रावण संपता संपता मी निवृत्त झाले. शाल, नारळ झाला. भाषणात मॅडम म्हणाल्या, बाईंच्या काळात आपली सेवेची पातळी उंचावली. मी खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं, भरून आलंय.

दसरा झाल्यावर विलासचा फोन आला. "ताई, एकदा येऊन जा. बाबा रोज विचारतात, सीझन सुरू झाला का. आम्ही म्हणतो, अजून पाऊस आहे. आमच्यावर विश्वास बसेनासा झालाय. तुमचं ऐकतील." सगळं घडलं त्याला आता वर्ष होत आलं. काका अजून आहेत, विलासकडेच. मी तेव्हा एकदाच गेले, नंतर पाऊल उचललं नाही. का, ते सांगते आणि थांबते.

दार सुरेखाने उघडलं. तिने नोकरी सोडली होती, डोळे खोल गेले होते. मला उंबऱ्यातच थांबवून हळू आवाजात म्हणाली, "पाऊस हाय आसंच सांगा हं बाई. गेल्या आठवड्यात कुनी तरी बोलून गेलं, ऊन पडलं म्हणून. गेले ते ट्रे आनायला. हायवेवर ट्रकांच्या मधी उभे व्हते. ह्यांनी कसे वडून आनले ते ह्यांनाच माहीत."

एवढं ऐकल्यावर मी दुसरं काय बोलणार होते?

काका खिडकीजवळ पलंगावर बसले होते. दाढी केलेली, बटणं लावलेली. मला ओळखलं. उठायला गेले, मी बसवलं. इकडचं-तिकडचं बोललो. मग मला म्हणाले, "बाई, तुमी खोटं नाय सांगनार. पाऊस थांबला का वो?"

खिडकीबाहेर लख्ख ऊन. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घातलेले मला दिसत होते, म्हणजे त्यांनाही दिसत असणार. दारात सुरेखा पदर तोंडाला लावून उभी.

"नाही काका," मी म्हटलं. "पडतोय अजून."

काका वळले, खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला, पालथा केला, उताणा केला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग आत घेतला आणि तळहाताकडे बघितलं. कोरडा ठक्क होता. नंतर माझ्याकडे बघितलं, आणि मी मान खाली घातली. मला त्या वेळी स्वतःची एवढी किळस आली की उठून पळून जावंसं वाटलं.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला. त्याने तो कोरडा हात नीट पुसला, पुढून, मागून, बोटांच्या मधून.

"लई हाय वो," म्हणाले. "आनि छत्रीबी नाय आनली तुमी. बसा, उघडला की जावा."

मी बसले.